जिलेबी वाढणारा

अधिवेशन संपवून मुंबईहून थेट मतदारसंघातल्या एका लग्नाला गेलो. आमदार म्हणून मला फेटा बांधून सोफ्यावर बसवलं. समोरच्या पंगतीत, मी निवडणुकीत पाडलेला सुभाष जिलेबी वाढत होता.

"सुभ्या, मतं पडली नाहीत म्हणून जिलेब्याही मोजून वाढतोस होय रे?" एक म्हातारी ओरडली. पंगत हसली, तोही हसला.

विधानभवनात मी यांच्याच रस्त्यांसाठी भांडतो. इथे मला पाहिलं की सगळे उठून उभे राहतात. ओरडायलाही माणूस आपला वाटावा लागतो. मला त्याचा हेवा वाटला, आणि जिंकूनही वाटला याची लाज.

तो माझ्यापाशी आला. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो.

"घ्या ना, साहेब," तो म्हणाला.