विहिरीकडचा तुकडा

चादर अर्धीच पिळून झाली होती. एक टोक वहिनींच्या हातात, दुसरं धाकट्या जावेच्या, आणि तेवढ्यात दीर मातीचा अहवाल घेऊन आले. वहिनींचा चष्मा आत होता, म्हणून त्यांनी दिरांनाच वाचायला सांगितलं. त्यांनी आधी घसा खाकरला. मग म्हणाले, विहिरीकडच्या तुकड्यात तांबं भरमसाठ साठलंय. नव्या वेलींची मुळं त्यानंच जळताहेत.

तो तुकडा वहिनींचा. नवरा गेल्यावर द्राक्षबागेची वाटणी झाली, तेव्हा मोठेपणाचा मान म्हणून दिरांनी आधी त्यांनाच निवडू दिलं होतं. वहिनींनी डोळे झाकून हाच मागितला. वाटणीच्याही आधीपासून, तीस वर्षं तिथली फवारणी त्यांच्या हातची. मोरचूद, म्हणजे तांब्याचाच निळा क्षार, आणि चुना कालवायचा, त्यात लोखंडी विळा बुडवायचा, पात्यावर तांबूस थर चढला तर आणखी चुना. हे घरात त्यांच्याइतकं कुणाला जमत नसे. बाकी बागेला सहा फवारण्या, तर इथे आठ-नऊ. वर पिंपातलं उरलंसुरलंही इथेच ओतायचं, वाया कशाला घालवायचं म्हणून. आजूबाजूच्या बागा केवडा रोगानं हैराण असायच्या, पण वहिनींच्या पानाला डाग नसे. सासरे पाहुण्यांना मुद्दाम तिकडे न्यायचे.

जुन्या वेली थकल्या म्हणून काढल्या, नव्या लावल्या. पहिल्या वर्षी निम्म्या गेल्या, यंदा उरलेल्या पिवळ्या पडल्या. वहिनींनी देवाला साकडं घातलं, रोपवाल्याला शिव्या घातल्या, आणि दीर माझ्या बाजूला पाणी कमी सोडतात असं चारचौघांत बोलूनही मोकळ्या झाल्या. ते ऐकल्यावरच दिरांनी गुपचूप माती तपासायला पाठवली होती.

जाऊ चादरीकडे बघत म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या हाताला यशच फार हो."

टोमणा वहिनींनी गिळला. हे तांबं किती वर्षांनी निघेल, एवढंच त्यांनी विचारलं.

"ते आपोआप निघत नाही, वहिनी. वरची माती खरवडून फेकावी लागेल. आणि एवढी माती टाकणार कुठे?"

हवं तर माझ्यातला अर्धा तुकडा घ्या, असंही ते म्हणाले. पण म्हणताना बायकोकडे बघत होते, आणि ती चादरीचं आपलं टोक पिळत राहिली.

"नको, भाऊजी. निवडला मी. कालवलंही मीच."

यात देवाला मध्ये ओढायला जागाच नव्हती. वहिनींनी आपलं टोक दिरांच्या हातात दिलं आणि पायांत चपला सरकवल्या. रोपवाटिकेत दोनशे रोपं सांगून ठेवली होती. ती नको म्हणून सांगून यायचं होतं.