नकाशाबाई आणि हेदवाडीचा राब

तर तानुबाईंनी नकाशावर बोट ठेवलं आणि त्या खुदकन हसल्या, इथवर काल आलो होतो. काल जे नव्हते त्यांच्यासाठी जरा मागे जाऊ, नाहीतर हसल्या का ते कळायचं नाही.

ऑफिस इंदिरानगरातलं, वकील उज्वला पगारे यांचं. ऑफिस म्हणजे तळमजल्यावरच्या घराची पुढची खोली. पूर्वी तिथं वडिलांची स्कूटर लागायची. टेबलावर चटईएवढा नकाशा पसरलेला. टेबलापलीकडे हेदवाडीहून आलेली दोन माणसं, साठी ओलांडलेल्या तानुबाई आणि त्यांचा मुलगा मंगळू. घोटीहून डोंगराच्या अंगाला निघालं की जीप जिथं थांबते तिथून पुढं अर्धा तास पायी, अशी ही हेदवाडी. बावीस घरं, आणि घरांच्या खालच्या अंगाला तीसेक एकर भाताचं रान. त्या भागाचा नवा विकास आराखडा जाहीर झाला होता. कुठं घरं, कुठं शेती, कुठं रस्ता, हे पुढल्या वीस वर्षांसाठी रंगवून ठेवणारा कागद. त्या कागदावर हेदवाडीचं सगळं रान मालट्रकांच्या तळासाठी आरक्षित केलं होतं. ज्याला हरकत घ्यायची त्यानं तीस दिवसांत लेखी घ्यावी, असा नियम. त्यातले एकोणीस दिवस सरले होते, कारण नोटीस लागली तेव्हा वाडीत होतंच कोण? निम्मी वाडी द्राक्षांच्या बागांवर, निम्मी वीटभट्ट्यांवर. माणसं आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला घरी परतली तेव्हा शाळेच्या दाराला चिकटवलेला कागद सापडला, तोही एका कोपऱ्यावर शेळीनं चाखलेला.

उज्वलानं नकाशा पाहिला, सोबतचा विमानातून काढलेला फोटो पाहिला, आणि चष्मा वर करून जरा कडकच विचारलं, "मावशी, वकिलापासून काही लपवायचं नसतं. तुमच्या रानात वीटभट्ट्या किती आहेत?"

तिचं तरी काय चुकलं म्हणा. फोटोत रानभर काळे चौकोन दिसत होते, मोजून सव्वीस. नकाशावर त्या प्रत्येक चौकोनापुढं सुबक अक्षरात 'वीटभट्टी' लिहिलेलं. जमीन शेतीखाली नाहीच, मग मालट्रक तिथंच उभे करा, असा सरळ हिशेब आराखडा करणाऱ्यांनी केला होता.

तर त्यावर तानुबाई हसल्या. म्हणाल्या, "अगं बाय, भट्टीवर आम्ही दुसऱ्याच्या जातो. आपल्या रानात कोण भट्टी लावील? त्यो राब हाय आमचा."

आता राब म्हणजे काय, ते तानुबाईंनी सांगितलं तसंच सांगतो. भाताचं रोप टाकायचं त्या तुकड्यावर उन्हाळ्यात शेण पसरायचं, त्यावर झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पालापाचोळा, वरून बारीक माती, आणि मग वारा पडलेला बघून ते भाजायचं. तण जळतं, किडे मरतात, राखेचं खत होतं. वैशाखात तो तुकडा तव्यासारखा काळा दिसतो. मिरगात त्यावर बी फेकलं की वीस दिवसांत वीतभर रोप, पोपटाच्या पंखासारखं. मग ते उपटून चिखलात लावायचं, म्हणजे आवणी. वाडीचं वर्षभराचं जेवण त्या सव्वीस काळ्या तुकड्यांतून उगवतं. नकाशे काढणारी कंपनी होती कुठल्या तरी लांबच्या शहरातली, नाव कशाला घ्या. फोटो मागल्या सालच्या मे महिन्यातला. तिथल्या माणसानं काळं बघितलं आणि आपल्या अकलेनुसार भट्टी लिहून टाकली.

उज्वलानं चष्मा खाली घेतला. पंधरा वर्षांच्या वकिलीत इतकी खजील ती कधी झाली नव्हती, आणि त्याला कारण होतं.

कोर्टात नि कचेऱ्यांत तिला नकाशाबाई म्हणतात. कुणाच्या प्लॉटवरून रस्ता गेला, कुणाच्या घराच्या जागी दवाखाना दाखवला, कुणाची जमीन हिरव्या पट्ट्यात अडकली, की लोक तिच्या दारात. खून, घटस्फोट, चेक परत आला, असली प्रकरणं ती घेतच नाही. तिचे वडील निवृत्तीदादा नगररचनेच्या कामात ट्रेसर होते. मोठा साहेब रेघा मारणार, आणि दादा त्यात रंग भरणार: राहायच्या जागेला पिवळा, शेतीला हिरवा, कारखान्यांना जांभळा. संध्याकाळी ते घरी आले की पोरगी त्यांची बोटं बघून सांगायची, आज कारखाने झाले वाटतं. इतर मुली बाराखडी शिकल्या त्या वयात ही नकाशाची सूची वाचायला शिकली. वळणाचा रस्ता मोजायचा तर त्यावर ओला दोरा ठेवायचा आणि मग दोरा सरळ करून पट्टीला लावायचा, ही दादांची युक्ती ती अजून वापरते. संगणक आला तरी टेबलाच्या खणात दोऱ्याचं रीळ आहेच.

जाता जाता कळवणच्या फकिरा मास्तरांचं सांगतो. त्यांच्या प्लॉटवर बागेचं आरक्षण, बावीस वर्षं. बाग होईना आणि मास्तरांना घर बांधता येईना. सुनावणीत अधिकाऱ्यानं विचारलं, जागेवर बाग आहे की नाही? उज्वला शांतपणे म्हणाली, आहे साहेब, एक शेवगा आहे. पाला मास्तरांच्या अंगणात पडतो आणि शेंगा शेजारी नेतात. अख्खी खोली हसली. पुढं रीतसर नोटिसा झाल्या, मुदती झाल्या, आरक्षण उठलं. आता मास्तरांचं घर उभं आहे आणि दर हंगामाला शेंगांची एक जुडी इंदिरानगरला पोचते.

तर अशी ही बाई. नकाशावर तिची देवासारखी श्रद्धा, आणि त्याच नकाशानं तिच्या तोंडून एका म्हाताऱ्या शेतकरणीला भट्टीवाली म्हणवून घेतलं. पाहुणे गेल्यावर तो कागद घेऊन ती आतल्या खोलीत वडिलांकडे गेली. दादांनी भिंग लावून सव्वीसही चौकोन पाहिले. मग म्हणाले, "तीस वर्षं रंग भरले गं मी. वरून 'पडीक' लिहून आलं की ब्रश बुडवायचो. एकदा जाऊन बघावं असं मला कधी सुचलं नाही, आणि कुणी पाठवलंही नाही." आणि भिंग खाली ठेवून म्हणाले, तिकडं जाशील तेव्हा मलाही ने.

हरकत मुदतीत दाखल झाली. बावीस घरांच्या सह्या आणि अंगठे. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुनावणी लागली. समितीवर यादवसाहेब म्हणून एक निवृत्त नियोजनकार होते. माणूस कोरडा पण सरळ. हसायचं झालं तर आधी रुमाल काढणारा. उज्वलानं राबाचं सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, फोटोत काळं दिसतंय, तुम्ही हिरवं म्हणताय. मी जागेवर येऊन बघतो, पुढल्या गुरुवारी.

कुठलाही वकील खूश झाला असता. उज्वला म्हणाली, गुरुवार नको साहेब, जूनच्या शेवटच्या आठवड्यातला दिवस द्या. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि सत्तावीस तारीख दिली.

बाहेर आल्यावर मंगळूचा पारा चढला. आपणहून येणारा साहेब परत पाठवणारी वकील त्यानं आजवर पाहिली नव्हती. तो आईला ऐकवत पण रोख हिच्याकडे ठेवून म्हणाला, "वकिलाला तारीख आणि कोंबडीला उकिरडा. दोघं उकरतच बसणार."

तानुबाईंनी त्याला तिथंच झापला. "तू गप. ही बाय शहरातली, पर राब कधी हिरवा व्हतो ते ध्यानात ठेवलंन. तू माझ्या पोटचा आसून तुला ठाव नाय."

गोम हीच होती. आधी गेलं तर रान काळं, म्हणजे फोटोच खरा ठरणार. उशीर केला तर रोपं उपटून आवणीला गेलेली, मग दाखवणार काय? मधले दहा-बारा दिवसच काय ते कामाचे.

आणि त्याच साली पावसानं दगा दिला. मिरगात बी टाकलं, पण बारा तारीख गेली, पंधरा गेली, रान तसंच तव्यासारखं. उज्वला रोज सकाळी इंदिरानगरच्या गच्चीवर जाऊन पश्चिमेकडे बघायची आणि खाली येऊन चहा न पिताच कामाला बसायची. शेवटी तिनं मंगळूला फोन केला की मी तारीख पुढं मागून घेते. फोन तानुबाईंनी हिसकावून घेतला. त्यांनी सांगितलं की तारीख राहू दे. विहिरीजवळच्या दोन राबांना वाडीच्या बाया सकाळ-संध्याकाळ घागरी घालत होत्या. विहिरीला पाणी तळाशी, प्यायचंच जेमतेम, तरी घरटी दोन घागरी ठरल्या होत्या. बाकीचे चोवीस तसेच काळे राहणार, त्याला इलाज नव्हता.

उज्वलाला नवीच धास्ती पडली. दोन हिरवे आणि चोवीस काळे, हे बघून साहेब काय म्हणणार? उलट म्हणतील, हे दोन तुम्ही दाखवायला लावलेत.

सत्तावीसला जीप निघाली. पुढं यादवसाहेब, मागं उज्वला आणि निवृत्तीदादा, डोक्यावर पांढरी टोपी, पायात नवे कॅनव्हासचे बूट. शेवटचा अर्धा तास दादा एकदाही टेकले नाहीत. रानाच्या बांधावर पोचताच, साहेबांनी काही विचारायच्या आत, उज्वला म्हणाली, "साहेब, आधीच सांगते. हे दोन तुकडे पावसानं नाही, बायांनी घागरींनी हिरवे केलेत."

साहेबांनी फोटो उघडला, चौकोनांवर एक ते सव्वीस आकडे टाकले, आणि मंगळूला फोटो दाखवत म्हणाले, या चौदा नंबरवर जाऊन उभा राहा. मंगळू गेला. तो उभा होता काळ्यात, आणि त्याच्या डाव्या पायापासून तीन हातांवर तेरा नंबर सुरू होत होता, वीतभर रोपांनी गच्च भरलेला. दोन्ही तुकडे सारख्याच मापाचे, दोघांच्या कडेला तीच राख, एकाला पाणी मिळालेलं, एकाला नाही. साहेब छत्रीच्या टोकानं चौदा नंबर उकरत बसले. विटेचा तुकडा निघाला नाही. राखेखाली भाताचा दाणा निघाला, तोंड उघडून पाण्याची वाट बघत असलेला. मग ते तेरा नंबरपाशी वाकले, रोपं बोटांनी बाजूला सारली, तर बुडाशी तीच काळी राख.

ज्याची उज्वलाला धास्ती होती तेच कामी आलं. पाऊस वेळेवर पडता तर सगळं रान हिरवं झालं असतं, आणि साहेब म्हणाले असते, असेल, पण भट्ट्या होत्या त्या जागा कुठल्या? आता एकाच बांधावर वैशाख आणि आषाढ शेजारी शेजारी उभे होते.

"किती वर्षं इथंच भाजता?" साहेबांनी विचारलं.

"माजी सासू हितंच भाजायची," तानुबाई म्हणाल्या. "तिच्या सासूचं तिला इचारा, पर ती आता नाय."

साहेबांनी रुमाल काढला.

निवृत्तीदादा एवढा वेळ चौदा नंबरच्या कडेला उकिडवे बसून होते. उठले तेव्हा त्यांची दहाही बोटं काळी झालेली. उज्वलानं पाण्याची बाटली पुढं केली, तर त्यांनी मान हलवली आणि तसेच, हात न धुता, जीपपर्यंत चालत आले.

श्रावणात पत्र आलं. समितीनं शिफारस केली होती की हेदवाडीच्या रानावरचं आरक्षण वगळावं, जमीन शेतीखालीच दाखवावी, आणि सव्वीस चौकोनांपुढचं 'वीटभट्टी' खोडून 'भाताची रोपवाटिका' लिहावं. तोवर पाऊसही मन भरून येऊन गेला होता. चोवीस राब मागाहून उगवले, आवणी पंधरा दिवस उशिरा पण पार पडली. तानुबाई आणि मंगळू रानभाजीची, करटुल्यांची, पिशवी घेऊन इंदिरानगरला आले. मंगळूनं आल्या आल्या कोंबडीच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. त्यावर उज्वला म्हणाली की उकिरडा उकरल्याशिवाय कोंबडीचं पोट तरी कसं भरावं? निवृत्तीदादांनी पत्र दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं.

सगळं ऐकून झालं तरी तानुबाई चहाला हात लावीनात. वाडीत नवीनच भीती शिरली होती. आभाळातून कुणीतरी बघतंय, काळं दिसलं की रान जातं. तेव्हा येत्या उन्हाळ्यात कुणी राबाला काडी लावू नये, असं चार घरं म्हणू लागली होती. आणि राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, हे तर पोरासोरांनाही कळतं. त्यांनी पदर सावरून विचारलं, "बाय, आता कायमचं झालं का? पुढल्या साली राब भाजू का नको?"

उज्वलानं चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला आणि म्हणाली, "मावशी, कायमचं झालं असं मी आज म्हणणार नाही. हा कागद अजून सरकारकडं जायचाय, वर्ष जाईल, कदाचित दोन, आणि तोवर मला त्याच्यामागं फिरावं लागेल, ते मी फिरेन. पण राब तुम्ही भाजा. सव्वीसच्या सव्वीस भाजा. फक्त आदल्या दिवशी मला फोन करा, म्हणजे मी आणि दादा येऊ. यावेळी काळं कसं होतं ते आम्हाला पहिल्यापासून बघायचंय."