बॉनेटखालचं बोलणं

चौथीपर्यंतच शिकले, म्हणून शुद्धलेखन चुकेल. अक्षरही वाकडं आहे, माफ करा.

आमच्या जुन्या जीपचा शहापूरचा मिस्त्री माझ्यासारखाच बुजरा. सांगायचं ते बॉनेटमध्ये मान घालून इंजिनालाच सांगायचा. जीप तापायची, म्हणून त्यानं पाण्याच्या नळीत सेन्सर घातला आणि स्टेअरिंगजवळ तापमान दाखवणारा काटा बसवला. बसवताना पुटपुटला, "पाणी संपलं तर काटा गरम दाखवत नाय, खाली पडतो. तवा लगेच थांबा." ह्यांचं लक्ष नव्हतं. मी ऐकलं.

वैशाखरे गावाच्या पुढे घाटाच्या चढावर काटा खाली पडला. "बघ, कशी थंड झाली!" हे हसले. मी "थांबवा" म्हटलं, पण ते मलाच ऐकू आलं. इंजिन जाम झालं.

"तुझ्या काट्यानं घात केला रे!" ह्यांनी चारचौघांत त्याला सुनावलं.

"सांगलं व्हतं, शेट," तो बॉनेटलाच म्हणाला, आणि दुरुस्तीचा खर्च त्यानं भरला.

भातकापणी झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, "मिस्त्री बोलले होते. मी ऐकलं होतं." तोवर त्याची गिऱ्हाइकं तुटली होती.

आम्ही दोघं त्याच्या गॅरेजवर गेलो. त्यानं मान बाहेर काढली नाही, फक्त हात मागे केला. ह्यांनी दुरुस्तीचे सगळे पैसे त्यावर ठेवले.