अम्मीने माझ्या शब्दावर रोजा सोडला

मित्रमैत्रिणींनो, संध्याकाळपासून भीती जात नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझी अम्मी सावनेरकडची. सत्तरीची आहे, इन्सुलिनवर आहे, तरी एकही रोजा चुकवत नाही. आज रोजा सोडायच्या, मगरिबच्या अजानीला अजून वेळ असताना तिला दरदरून घाम फुटला. साखर उतरली होती. मी सरबत पुढे केलं, तर तिने ओठ मिटून घेतले.

"अम्मी, पी. कुराणात आजारी माणसाला सूट आहे."

"तुले काय ठाऊक वं? मौलाना झाली काय तू?"

"मराठी अनुवाद वाचलाय मी."

"मंग पक्कं सांग. तुह्या भरवशावर पिऊन राहिली मी. चुकली तर वर तूच जवाब देजो."

"पक्कं," मी म्हणाले. ती प्यायली. आता बरी आहे.

त्या सरबताबद्दल मला शंका नाही, जीव जात होता. पण तिने विचारलंय, उद्याचं काय? बरा न होणारा आजार असेल तर रोज्याऐवजी गरिबाला जेवू घालावं, असं मी समजते. मात्र सुई टोचून घेऊन घरभर फिरणारी बाई त्या जुन्या वचनातल्या आजाऱ्यांत बसते का? की अम्मी जगावी म्हणून मी मला हवा तोच अर्थ वाचतेय?

मौलानांना आणि डॉक्टरांना विचारीनच. पण पहाटे रोज्याआधीच्या जेवणाला, सहरीला उठल्यावर ती माझ्याच तोंडाकडे बघणार आहे. तुमच्या वाचनावर कुणी आपली आखिरत, मरणानंतरचा सगळा हिशेब सोपवला, तर तुम्ही काय सांगाल?