खरवस पुडिंग

नागापूरच्या हॉटेलात काल मेन्यूवर 'खरवस पुडिंग' वाचलं आणि डोकंच फिरलं.

लहानपणी आई भिंगारला एका साहेबांच्या बंगल्यात भांडी घासायची. आमची गाय व्यायली तेव्हा मला सोबत घेऊन तिनं बाईंसाठी खरवस नेला, गूळ-वेलदोड्याचा, अजून कोमट. बाईंनी डबा नाकाशी धरला. "वासराचं दूध खाता तुम्ही?" म्हणत आमच्यादेखत तो कुत्र्यापुढे उपडा केला. मग काचेच्या वाटीत मला अंड्याचं पुडिंग दिलं. "गोड म्हणजे हे."

मला तेव्हा बाईंचा राग आला नाही, आईचीच लाज वाटली. मी वाटी चाटूनपुसून खाल्ली. शेजारी कुत्रं फरशी चाटत होतं.

घरी येताना आई एवढंच म्हणाली, "कुत्र्याला चव कळली. तुला न्हाई."