कावळा शिवला तेव्हा

बाबांच्या दहाव्याला पिंड मांडून पाऊण तास झाला, तरी कावळा शिवेना. शेजारच्या झाडावर तीन-चार बसून होते, पण खाली एकही उतरत नव्हता. बाबांची काही इच्छा राहिली असेल, असं सगळे म्हणू लागले आणि एकेक जण पुढे होऊन हात जोडून शब्द देऊ लागला. आईला सांभाळू, घर विकणार नाही, वगैरे.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. नकोशी इच्छा माणूस अबोध मनात ढकलतो आणि तिथे ती मरत नाही, हे दरवर्षी फळ्यावर लिहितो. मेलेल्याच्या राहिलेल्या इच्छेची ही केवढी काळजी! जिवंत माणसाच्या मनात काय सडतंय, हे विचारायला कुणी असं ताटकळत नाही. एकदा बाबांनी मला पाहुण्यांपुढे उभं करून माझे नापासाचे मार्क मोठ्याने वाचायला लावले होते. त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. समजूतदार मुलगा म्हणून नाव मात्र झालं.

"दादा, आता तू बोल," धाकटी बहीण म्हणाली.

मी पुढे झालो. "बाबा, माझ्या मनात तुमच्याविषयी काही नाही."

कावळा लगेच उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाबांचा आत्मा शांत झाला म्हणे. फसला बिचारा कावळा.

बहीण तेवढी माझ्या हाताकडे बघत होती.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मूठ सोड ना."