सात दिवसांचा पट्टा

पेणजवळच्या जिते गावातल्या शेतकरी घरातली प्रणिता आहारशास्त्र शिकली ती दवाखान्यात बसून लोकांना सल्ला देण्यासाठी. नोकरी मिळाली ती नेमकी उलटी. मुलांमधला लठ्ठपणा वेळीच रोखता यावा म्हणून पेण आणि रोह्यात एक पाहणी चालली होती. मुलं काय खातात, किती हालचाल करतात, हे घरोघर जाऊन टिपायचं. सल्ला मात्र द्यायचा नाही, हा पहिला नियम. सांगितलं की माणसं वागणं बदलतात आणि मोजमाप बिघडतं. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा, पुन्हा व्हायचा. वेफर्सची पाकिटं, चहात बुडवलेली खारी, वाटीभर भात, असं ती चार वर्षं निमूट लिहीत होती.

गेल्या हिवाळ्यात रोह्याच्या अष्टमी भागातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, तिने दहा वर्षांच्या दिपिकाच्या कमरेला पट्टा बांधला. त्यातलं काडेपेटीएवढं यंत्र मिनिटामिनिटाची हालचाल नोंदवतं. दिवसभर घालायचा, असे सात दिवस. दिपिकाची आई नम्रता एका कंपनीत पॅकिंगला होती. बाप टँकरवर, आठ-आठ दिवस बाहेर.

पट्टा परत गेला आणि दोन दिवसांनी पाहणीच्या साहेबांचा, सुशीलचा, फोन आला. "ही पोरगी सकाळी नऊपासून सहापर्यंत हलतेच आहे. शाळेत बसत नाही का? जाऊन बघ."

प्रणिता दुपारी गेली. लोखंडी जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि जाळीमागे दिपिका उभी होती.

"आई सहाला येते," ती म्हणाली. "चावी काशीआजीकडं हाय."

शेजारच्या काशीबाई बाहेर आल्या. "शाळेची व्हॅन एकला सोडते गो हिला. मी आत घेते नि कुलूप लावते. माझे गुडघे गेलेत. पोर खाली पळाली तर धरणार कोण?"

प्रणिता जिन्यात बसून राहिली. सहाला नम्रता आली आणि तिला पाहताच समजली.

"पट्टा तुम्हीच घातला होता ना, ताई?" प्रणिताने विचारलं.

"व्हय." नम्रताने पर्स खाली ठेवली. "कंपनीत दिवसभर माझे पाय थांबत नाय. पोरीच्या कमरेला असता तर काय दिसलं असतं? खाते नि टीव्ही बघते. खाली रस्त्यावर टँकर धावतात. कुणाच्या भरवशावर सोडू तिला? तुम्हीच सांगा."

तेवढंच प्रणिताला करता येत नव्हतं. "पट्टा पुन्हा सात दिवस घालावा लागेल," ती म्हणाली. "या वेळी तिलाच."

दुसऱ्या वेळच्या नोंदीत दुपारी एक ते सहा जवळजवळ सरळ रेघ होती. प्रणिताने फॉर्मच्या कडेला लिहिलं, 'दाराला बाहेरून कुलूप.' सुशीलने ते खोडलं. "याला रकाना नाही. आपण मोजायला आलोय."

"त्या घरातलं मोजून झालं ना?"

"झालं."

"मग आता मी तिथं बोलू शकते."

गुरुवारी तिला दुपारून सुटी असे. तिने नम्रताला विचारलं, दर गुरुवारी पोरीला तासभर खाली नेऊ का? नम्रता काशीबाईंना म्हणाली, "यांना चावी देत जा."

पहिल्या गुरुवारी दिपिका दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरली आणि पायरीवर बसली. "मला नको. खाली गाड्या असतात." प्रणिता शेजारी बसली. अर्ध्या तासाने दोघी वर गेल्या आणि काशीबाईंनी कुलूप लावलं. उतरताना प्रणिता प्रत्येक मजल्यावरची बंद दारं बघत गेली. चार वर्षं लिहिलेल्या फॉर्ममागे अशी किती दारं असतील, हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

पाचव्या गुरुवारी त्या कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत पोचल्या. दिपिका घामाघूम झाली होती. कठडा धरून पाण्याकडे बघत राहिली आणि परत यायला तयारच होईना. समजावून आणावं लागलं.

पुढच्या महिन्यात करार पुन्हा झाला. घरांची नवी यादी पेणजवळच्या रामवाडीची होती आणि गुरुवारची दुपारही त्यात गेली. "रविवारी मी नेते तिला," नम्रता फोनवर म्हणाली. दोन रविवार तिने नेलंही. तिसऱ्या रविवारी कंपनीने ओव्हरटाइम लावला.

त्या रविवारी प्रणिता जित्याहून गाडी पकडून रोह्याला गेली. रविवारी नम्रता कामावर असली की अजूनही जाते. बाकीचे सहा दिवस काशीबाई एकला कुलूप लावतात.